समुद्राला धुरा नाही

समुद्र न पाहता समुद्राची इतकी धास्ती घेतलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच, आणि तो वऱ्हाडातल्या किन्हीराजात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. हे आमचे शेजारचे गुरुजी. जन्मभर त्यांनी शाळेत इतिहास शिकवला, पण जीव सगळा एकाच धड्यात: पूर्वीचे युरोपातले खलाशी खुल्या समुद्राला का घाबरत. तो धडा आला की पुढचे चार धडे आपोआप रद्द. दक्षिणेकडे पाणी उकळतं, जहाजं गिळणारे मासे असतात, हे ते अशा थाटात सांगत की पहिल्या बाकावरची पोरं पाय वर घेऊन बसत. शेवटी डस्टर टेबलावर आपटून म्हणत, "पोट्टेहो, ते भित्रे नव्हते. जो वारा घेऊन जाते, तोच परत आनीन काय, कोनाले मालूम? आपल्या वावराले धुरा हाय. समुद्राले धुरा नाही!" धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. परीक्षेत मी हेच वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि आयुष्यात एकदाच पैकीच्या पैकी गुण मिळवले.

गुरुजी स्वतः कायम धुऱ्यानंच चालले. रिकाम्या वावरातून आडवं गेलं तर घर पाच मिनिटांवर, पण हे कडेकडेने फेरा घालून येणार. विहिरीत पोहायचे तेही काठाच्या दगडाला एक हात लावून. लग्नाच्या पंगतीत मधली जागा मिळाली तर उपाशी उठतील, कनातीजवळचीच हवी. एकदा बाजारात मी त्यांना गर्दीतून मधून ओढत नेलं, तर हात झटकून म्हणाले, "धुऱ्यानं गेलेला मानूस घरी येते." ते घरी येतच होते, फक्त भाकरी थंड झाल्यावर.

अशा माणसाची एकुलती एक पोरगी, शीतल, मालवाहू जहाजावर नोकरीला निघाली. नशिबालाही थट्टेची हौस असते. गुरुजी दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला ओट्यावर बसवलं, मला साक्षीदार म्हणून हाक मारली आणि फर्मान काढलं, "खलाशी समुद्राले काहून भेत? दहा कारनं लिव. दहा आले तं जाय, नाही तं जहाजाचं नाव काढू नको."

पोरगी त्यांचीच. उकळतं पाणी, मासे, धुकं, उलटा वारा, सपासप नऊ कारणं लिहून तिने पेन बंद केलं.

"दहावं?"

"दहावं तुमी कधी शिकोलंच नाही, बाबा. पन मी जाईनच."

गुरुजींनी कागद तीनदा वाचला. नापास करायला एक गुण पुरे होता. त्यांनी लाल पेनाने खाली 'उत्तीर्ण' असं लिहिलं आणि कागद तिच्या हाती दिला. अक्षर सरळ होतं. मला त्या माणसाचं त्या दिवशी फार कौतुक वाटलं.

जहाज बंदराला लागलं की तिचा फोन येतो. आमच्याकडे रेंज मिळते ती गुरुजींच्या वावरात, तीही बरोबर मधोमध. पहिला फोन त्यांनी धुऱ्यावरून घेतला. दोनदा 'हॅलो' झालं आणि तुटला. दुसऱ्या दिवसापासून गुरुजी काठी टेकत, ढेकळं तुडवत, सरळ वावराच्या मधे जाऊन उभे राहू लागले.

परवा मी तिकडे गेलो. सोयाबीन निघालेलं रिकामं वावर, मधे एकटे गुरुजी, हातात फोन. मी गंमत म्हणून विचारलं, "गुरुजी, ते दहावं कारन कोन्तं होतं?"

फोनवरची नजर न काढता ते म्हणाले, "खलाशी नव्हते भेत, बापू. काठावरचे भेत होते. पुस्तकानं उगाच खलाशायच्या नावावर लिवलं."

ऊन चढलं, फोन काही वाजला नाही. मी म्हटलं, "चला गुरुजी, घरी जाऊ."

"तू जाय. धुऱ्यानं जाय," ते म्हणाले, आणि होते तिथेच उभे राहिले.