दिवस आडव्या अक्षावर

“कोण कुणाच्या जिवावर हाय, ते आधी सांगा गुरुजी,” असं म्हणून तो पेन्सिल कानावर अडकवायचा. उत्तर मिळेपर्यंत आलेखाच्या कागदाला हात लावायचा नाही.

तेव्हा मी दर रविवारी कळंब्याच्या तुरुंगात गणित शिकवायला जात असे. मॅट्रिकला बसणारे सहा-सात कैदी होते. माझ्या कंपासपेटीतलं टोकदार ते सगळं गेटवर काढून घेत. उरलेल्या पट्टीवर, रबरावर आणि तुरुंगाच्या बोथट पेन्सिलींवर माझी भूमिती चाले. त्यांतलाच हा एक, गारगोटीकडचा गडी, बांधाच्या भांडणात आत आलेला. दिवसभर मागावर सतरंज्या विणायचा. याहून जास्त मी विचारलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नसतं.

त्याला सगळं यायचं, अडायचं एकाच जागी. जे आपल्या चालीनं बदलतं ते आडव्या अक्षावर आणि त्याच्यामुळे जे बदलतं ते उभ्या, हे मी सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. तरी हा पठ्ठ्या वेळ उभ्या अक्षावर मांडायचा. दर वेळी.

“अहो, वेळ कुणावर अवलंबून नसतो!” मी एकदा खेकसलोच.

“भाईर नसंल. हितं हाय की,” तो म्हणाला. “जादा सतरंज्या इणल्या की माफी मिळती, शिक्षंतलं दिस कमी हुत्यात. म्हंजे दिस माझ्या कामावर हायत. मग उभ्यावरच की!”

त्याचं चुकत नव्हतं, पण परीक्षेत गुण जाणार होते.

आणि ते गुण त्याला हवेच होते. मॅट्रिक पास झालं की आणखी माफी मिळायची. “पास झालो तर दसऱ्याला घरात, न्हाय तर शिमग्याला,” असं तो सारखा सांगायचा. मधे तुळशीची लग्नं येत होती. त्याची पोरगी नववीत होती, हुशार होती, आणि त्याचा धाकटा भाऊ तुळशीच्या लग्नानंतर तिला उजवून मोकळा होणार होता.

“मी घरात असलो की कोण तिची शाळा सोडवतंय, बघतोच!”

परीक्षेत आगगाडीचा आलेख आला. पेपर संपताच तो ओरडला, “गुरुजी, येळ आडवाच घातला! म्हटलं, गाडी भाईरची हाय, येळबी भाईरचाच!” आम्ही दोघं हसलो. दारावरचा शिपाईही हसला.

जूनमध्ये तो पास झाला. निकाल घेऊन मी धावतपळत गेलो, तर तो गुडघ्यावर एक पत्र ठेवून बसलेला. अक्षर पोरीचं होतं. पत्ता मात्र गारगोटीकडचा नव्हता, जयसिंगपूरचा होता, सासरचा. भावानं वैशाखातच उरकलं होतं.

त्यानं आलेखाचा कागद ओढला, आडवी रेघ मारली, खाली ‘दिवस’ लिहिलं.

“तुमचंच खरं, गुरुजी. येळ कुणाच्या जिवावर न्हाय.”

मी खोटा ठरलो असतो तर किती बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

मग त्यानं उभी रेघ मारली आणि पेन्सिल तशीच धरून राहिला. “आता ह्याच्यावर काय लिवू?”

दसऱ्याला तो सुटला. पुढच्या रविवारी त्याच्या जागेवर दुसरा कैदी बसला होता. तो कागद माझ्याकडेच राहिला. उभ्या रेघेपाशी अजून काही लिहिलेलं नाही.