मर्सीला फ्लॅट हवाय

आमच्या कतारमधल्या, हमद पोर्टजवळच्या ऑफिसात डबे उघडले की किस्से आपोआप निघतात. त्यातले निम्मे मर्सीचे. मर्सी केनियाची, आमची प्लॅनिंग इंजिनिअर. नवरा बोटीवर, लेक मोंबासात आजीजवळ. लेकीला इथं आणायचं तर आधी फॅमिली फ्लॅट हवा, आणि घोडं तिथंच अडलंय. आम्ही हसतो खरं, पण हल्ली घास उतरत नाही.

*

आमचे बेडेकरसाहेब मनानं चांगले. भर मीटिंगमध्ये खुशीत येऊन म्हणाले, "मर्सी, तू इतर आफ्रिकन लोकांसारखी अजिबात नाहीस!"

"सर, आणखी कुणाला ओळखता?"

साहेबांनी बराच विचार केला. "नाही... तूच पहिली!"

*

अल रय्यान भागातला घरांचा एजंट फोनवर गोड बोलला. "रिकामाय मॅडम, यल्ला, या!" मर्सी दारात उभी राहिली, तर "सॉरी, खलास!"

ती खाली आल्यावर मी त्यालाच फोन लावला. "इंडियन फॅमिली? या ना, रिकामाच आहे!"

स्पीकर चालू होता. मर्सी म्हणाली, "फोनवर मीसुद्धा चालत होते की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

आमचा म्हात्रे मुरूडचा. "आमचा जंजिरा कुण्णाला जिंकता आला नाही!"

"आत कोण होतं?" मर्सीनं विचारलं.

"सिद्दी."

"ते कुठले?"

म्हात्रे घुटमळला. "मूळचे... आफ्रिकेतले."

"म्हणजे तेव्हा आम्हाला तुमच्याकडे जागा मिळत होती!"

त्या दिवशी म्हात्रेनं डबा अर्धाच खाल्ला.

*

आणि हा संक्रांतीचा. आमच्या बिल्डिंगमधल्या करंदीकरवहिनी कायमच्या पुण्याला चालल्यात. त्या सांगतील त्यालाच मालक त्यांचा फ्लॅट देणार. म्हणून हळदीकुंकवाला मी मर्सीला मुद्दाम नेलं. वहिनींनी हौसेनं कुंकू लावलं, तिळगूळ दिला, लेकीचा फोटोही पाहिला.

मग मी फ्लॅटचं काढलं. वहिनी हसत हसत मराठीत म्हणाल्या, "गेला म्हणून सांग तिला. आपल्यातलंच कुणीतरी हवं गं."

त्यांची रिया मराठीला कायम इंग्रजीतच उत्तर देते. ती सोफ्यावरून ओरडली, "बट आई, नोबडी हॅज टेकन अवर फ्लॅट!"

वहिनींनी घाईघाईनं मर्सीच्या हातात वाण ठेवलं. यंदा पितळी की-चेन होती, मोराची.

मर्सीनं ती उलटसुलट करून पाहिली.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "आणि किल्ली?"