अडकित्त्यानं कातरलेली गोळी

लिव्हरच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर किस्से आपोआप साठतात. नंबर लवकर लागत नाही, आणि घरी ज्याचं नाव काढायची चोरी, त्या आजाराबद्दल तिथं मोकळं बोलता येतं. आम्हा सगळ्यांना पांढरी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी. गोळी रोज, जन्मभर.

*

खर्ड्याकडचा सोपान माझ्या शेजारी बसायचा. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "दारू?"

"शिवलो न्हाई कधी! आईकडनं आलंय. जमीन दोघा भावांत वाटली, हे मात्र न भांडता मिळालं!"

सगळा बाक हसला. मी नाही. मलाही आईकडूनच आलं होतं.

*

एकदा तो धाकट्या भावाला, दौलतला, फोनवर झापत होता. "कांद्यावर औषध निम्मंच मारलंस? आरं, निम्म्यानं कीड मरत न्हाई, उलट शानी व्हते!"

*

पुढं सोपानचे डोळे पिवळे झाले. पोटात पाणी झालं. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "विषाणूनं रूप बदललंय. ही गोळी आता त्याला लागू पडत नाही. काका, गोळी चुकवत होता का?"

"एक दिवस न्हाई!"

"पूर्ण घेत होता?"

सोपान म्हणाला, "निम्मी. निम्मी दौलतला. त्यालाबी हेच हाय. त्याच्या पोरीचं लगीन ठरतंय, त्याला हितं कुनी बघितलं तर मोडंल. अडकित्त्यानं कातरतो, लई नीट तुकडे व्हतात."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "आणि कांद्याला निम्मं औषध चालत नाही, व्हय?"

"तात्या, कांदा काय माझा भाऊ हाय?"

*

दौलत तोंडाला उपरणं गुंडाळून आला. दोघांना नवी गोळी मिळाली, प्रत्येकाला वेगळी डबी. पण आता दौलत आपली गोळी कातरू लागला, निम्मी थोरल्या सोपानसाठी. म्हणे, आण्णाचं दुखणं मोठं, त्याला दीड लागंल!

बाई रागावल्या. सोपान खाटेवरून एवढंच म्हणाला, "दौल्या, अख्खी खा."

दौलतनं मान डोलावली. कातरायचं सोडलं नाही.

*

सोपानच्या दहाव्याला मी गेलो होतो. पिंड ठेवले. कावळे बाभळीवर बसून राहिले. सोपानची मुलं म्हणाली, "आईला सांभाळू." कावळा नाही. "काकाच्या पोरीचं लगीन थाटात करू." नाही. ऊन चढलं.

शेवटी दौलत पुढं झाला. खिशातून गोळी काढली, आण्णाचा अडकित्ता काढला. गोळी पात्याखाली धरली. हात थांबला.

त्यानं अडकित्ता मिटून पिंडाशेजारी ठेवला. गोळी अख्खी तोंडात टाकली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

कावळा उतरला.