साडेबाराची हरणं

बाळाचे एकेकटे मोजे घरात कसे साठत जातात, कळतच नाही. सोफ्याखाली एक, ड्रायरमागे एक, माझ्या पर्समध्ये दोन. आमच्याकडचे शिकारीचे किस्से असेच साठलेत. आम्ही शिकारी घराण्यातले वगैरे मुळीच नाही हं! नवरा अमोल सावंत सांगलीचा मेकॅनिकल इंजिनिअर, मी पाल दिसली की खोली बदलणारी, आणि आमची रेवा तेव्हा दहा महिन्यांची. पण जर्मनीत गेर्लिंगेनजवळच्या एका खेड्यात भाड्याने घर घेतलं आणि खाली राहणारे घरमालक निघाले हेर, म्हणजे श्रीयुत, केलर. वय त्र्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि गावामागच्या जंगलातला शिकारीचा हक्क अठ्ठावीस वर्षं त्यांच्याकडे.

अमोल त्यांच्या नादी लागला. इथली शिकारीच्या परवान्याची परीक्षा म्हणजे इंजिनिअरिंगचं एम-थ्री गणित त्यापुढे बालवाडी! तो पासही झाला.

* * *

परवाना आला, बंदूक आली आणि माझी झोप गेली. (तशी ती रेवाने आधीच नेली होती.) कायद्याने बंदूक पोलादी कपाटातच हवी. चार माणसांनी ते धूड वर चढवलं. मी दिवसातून तीनदा हँडल ओढून बघायचे. मग बाळाला सोडून कपाटाकडे बघत बसते, ही कसली आई, म्हणून पुन्हा काळजी.

सासूबाईंना फोनवर भीत भीत सांगितलं. "आई, घरात एक मोठं लोखंडी कपाट घ्यावं लागलंय..."

"बरं झालं गं बाई! मला कधीची चिंता, तू तिकडे दागिने ठेवतेस कुठे!"

* * *

शिकार म्हणजे निव्वळ हौस, असं मला वाटायचं. तसं नसतं. हरणं झाडांची कोवळी रोपं खातात, म्हणून किती मारायची हे ठरवून दिलेलं असतं. तेवढी झाली नाहीत की जंगलाचे मालक कुरकुरतात. आणि इथे हरणांनी दिवसा बाहेर पडणंच सोडलं होतं! जॉगर, सायकली, कुत्री, सगळ्याला कंटाळून ती अंधारात चरायची. रात्री हरीण मारायला कायद्याने बंदी.

अमोल सहा शनिवार पहाटे मचाणावर बसला. मग इंजिनिअरच तो, एक्सेल केली. वेळ, वारा, तापमान, दव, रंगीत चार्ट! केलरांनी चष्मा लावून दहा मिनिटं कागद न्याहाळला.

"फारच सुंदर, हेर सावंत. पण 'हरणं' हा रकाना कोरा आहे. प्रिंटर बिघडलाय का?"

"नाही," अमोल म्हणाला, "तोच निष्कर्ष आहे."

* * *

एकदा मीही गेले. रेवा फ्राऊ केलरांकडे, म्हणजे घरमालकिणीकडे. मचाणावर दोन तास, हलायचं नाही, बोलायचं नाही, शिंकायचं नाही. आणि खरंच, झाडीतून एक हरीण बाहेर आलं! अमोलचा श्वास थांबला. माझाही थांबला. नेमकं तेव्हाच मला आठवलं.

"अरे, गॅस बंद केला होता ना?"

हरीण गेलं. अमोलने सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला,

"अगं, आपल्याकडे इलेक्ट्रिक शेगडी आहे!"

* * *

केलरांच्या दिवाणखान्यात एकच फोटो होता, बायकोचा नव्हे, कुत्र्याचा. आस्को, दोन वर्षांपूर्वी गेलेला. त्याच्या पट्ट्यात हिरवी डहाळी खोचलेली. इथली रीतच आहे. शिकार झाली की शिकाऱ्याच्या टोपीत डहाळी लावतात, आणि कुत्र्याने काम केलं असेल तर तिचाच तुकडा मोडून त्याच्या पट्ट्यात. "जो शोधतो त्याचा वाटा," केलर म्हणायचे, आणि जाता-येता फोटोला 'ब्राव', म्हणजे 'शहाणा रे माझा', म्हणायचे.

एका दुपारी त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावलं, तेव्हा मात्र त्यांची नजर फोटोवरून हलत नव्हती. ऑक्टोबरमध्ये जंगलमालकांची सभा होती. त्याआधी ठरवून दिलेल्यांतला शेवटचा नर मारून झाला नाही, तर हक्क दुसऱ्याला देणार, असं सरळ सांगितलं होतं.

"अठ्ठावीस वर्षं," ते म्हणाले. "आणि हरीण दिसतच नाही."

मी केक खात होते. तोंडातून निघून गेलं, "पण ती तर रोज साडेबाराला येतात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रेवा फक्त चालत्या बाबागाडीत झोपायची, म्हणून मी रोज दुपारी जंगलातून गाडी ढकलायचे. पुढचं डावं चाक कुईं कुईं करायचं. आणि वाटेच्या कडेला हरणं खुशाल चरत असायची! मला वाटलं होतं, जागरणाने भास होतायत. शिवाय शिकाऱ्यांच्या टेबलावर मी काय बोलणार?

"अशक्य!" केलर म्हणाले. "साडेबाराला तर आम्ही जेवत असतो!"

फ्राऊ केलरांनी कॉफी ओतता ओतता मान हलवली. "गेनाऊ. अगदी बरोबर."

* * *

बेत ठरला. हरणांना मोजता येत नाही म्हणे. शनिवारी आम्ही तिघं गाडीसकट जंगलात जायचं, अमोलने वाटेत गुपचूप मचाणावर चढायचं, मी आणि केलरांनी तसंच पुढे चालत राहायचं. गाडी टेकाडापलीकडे पोचून अर्धा तास होईपर्यंत बंदूक भरायचीच नाही, ही अट माझी. ती मी चार वेळा वदवून घेतली.

शनिवारी हरणं आलीच नाहीत. एकही नाही! केलर खाली मान घालून परतले. संध्याकाळी अमोल कोड्यात पडून म्हणाला, "वारा बरोबर होता. वेळ बरोबर. आवाज तर शून्य. मी मुद्दाम चाकाला तेल घातलं होतं."

मी आणि केलर एकदमच ओरडलो, "काय??"

* * *

मुदत संपायला एकच शनिवार उरला. इंजिनिअरसाहेबांनी ते चाक भांड्यांच्या साबणाने तीनदा धुतलं, ओव्हनमध्ये सुकवलं, वर चिमूटभर रेती. गुरुवारी कुईं परत आलं. जरा वरच्या पट्टीत होतं, पण केलरांनी डोळे मिटून ऐकलं आणि पास केलं.

शनिवारी आम्ही निघालो. कुईं कुईं. अमोल वाटेत गळला. टेकाडामागच्या बाकावर मी आणि केलर बसलो. ते घड्याळ बघत नव्हते, हातातली टोपी गोल गोल फिरवत होते. मी बसल्या बसल्या गाडी मागेपुढे करत होते आणि रेवाचे कान शालीने झाकत होते. बिस्किटाचा पुडा उघडला तरी जागी होणारी पोरगी ही!

एकच आवाज झाला. सगळं रान दणाणलं.

रेवाने अंगठा चोखला आणि कूस बदलली.

केलर उठले, लंगडतच निघाले, त्यांच्यामागे मी. नर पडला होता, अमोल शेजारी टोपी काढून उभा. केलरांनी एक डहाळी हरणाच्या तोंडात ठेवली. त्याचा शेवटचा घास. दुसरी अमोलच्या टोपीत खोचली, त्याचा हात हातात घेतला, आणि बराच वेळ सोडलाच नाही.

मग त्यांनी त्या डहाळीचा एक तुकडा मोडला. माझ्याकडे बघितलं. झोपलेल्या रेवाकडे बघितलं. मी उगीचच केस सारखे केले.

केलर दोन्ही गुडघ्यांवर, कण्हत कण्हत, खाली बसले. तो तुकडा त्यांनी पुढच्या डाव्या चाकात नीट खोचला, चाकावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले,

"ब्राव, आस्को. ब्राव."