लागला एकदाचा

"लागला गं एकदाचा," हे आक्कांचं शेवटचं बोलणं. बाथरूमच्या दाराआडून, नळाच्या आवाजातून आलेलं. मी बाहेर खांद्यावर टॉवेल टाकून उभी होते, कारण त्यांच्यानंतर माझा नंबर होता. पाणी वाहतच राहिलं. मी हाका मारल्या, दार बडवलं, मग माझ्या नवऱ्याने कडी तोडली... दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गॅस गिझरचा विषारी वायू बंद बाथरूममध्ये कोंडला आणि बाई गेल्या. दहाव्यापर्यंत आमच्या घरच्यांच्या तोंडी त्या वायूचं बीपी झालं होतं. येणारा प्रत्येक जण म्हणे, वेळ आली होती. मी चहा देत होते आणि ऐकत होते. आली कसली, आणली होती.

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. लग्न होऊन मी वारज्याच्या या घरात आले तेव्हा चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. थोरल्या दिरांसमोर, म्हणजे भावोजींसमोर, तर मी कधीच बोलले नाही. पाहुण्यांनी काही विचारलं की उत्तर आक्का द्यायच्या. एकदा एका मावशींनी विचारलं, धाकटी मुकी आहे का? आक्का पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "तोंड आहे तिला. तुमच्यासारखं रोज वापरायला काढत नाही एवढंच." मावशी पुन्हा जेवायला थांबल्या नाहीत.

गिझरला त्या सासूबाई म्हणायच्या. तीनदा विनवल्याशिवाय उठत नाहीत म्हणून. आधी तो असा नव्हता. बाथरूमची खिडकी डक्टकडे उघडते आणि समोर दुसऱ्यांचं स्वयंपाकघर. घरात सून येणार म्हणून भावोजींनी त्या खिडकीवर ॲक्रिलिकची जाड शीट ठोकून घेतली. घरच्या बायकांची अब्रू, म्हणाले. तेव्हापासून गिझर रुसायला लागला. पहिली अंघोळ भावोजींची, मग माझ्या नवऱ्याची, मग पुतण्याची, म्हणजे आक्कांच्या मुलाची. त्यांना कडकडीत पाणी. सूनबाई आत जाईपर्यंत आच मधेच विझायला लागायची, आणि आमच्या दोघींच्या वेळी नुसतं टक टक टक. ठिणगी पडायची, पण पेटायचं नाही. आम्ही सेल बदलले. नळ कमीजास्त करून पाहिला. सिलिंडर बदलला. मेकॅनिकने बर्नर खोलून साफ केला, आणि जाताना म्हणाला की ही खिडकी उघडा, याला हवा लागते. भावोजी म्हणाले, "तुम्ही गिझर बघा. खिडकी आमची आहे, ती आम्ही बघू."

मग आक्कांनीच युक्ती काढली. दार थोडा वेळ सताड उघडं ठेवायचं, सासूबाई उठल्या की लावून घ्यायचं. आम्हाला वाटायचं, जमलं. गिझर बिघडलेलाच नव्हता. तिघांच्या अंघोळीत आतली हवा संपायची आणि तो बिचारा जळायला नकार देत होता. लोखंडाच्या डब्याला कळत होतं ते घरात कुणाला कळून घ्यायचं नव्हतं. आक्का हसून म्हणायच्या, "कडक पाणी त्यांना, आणि उरलीसुरली वाफ आपल्याला." उरली होती ती वाफ नव्हती, आक्का.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तरी हे सगळं मी कागदावर लिहितेय, कारण माझ्या वतीने बोलणारी बाई गेली. जाऊ म्हणू नका, सख्ख्या बहिणीनेही इतकं केलं नसतं. आक्कांच्या नवऱ्याने, भावोजींनी, तेरावं झाल्यावर काय केलं, तर त्याच भिंतीवर नवा गिझर बसवून घेतला. शीट तशीच. जुना खराब होता म्हणाले. आणि अंघोळीचा क्रमही तोच, फक्त आता सूनबाई आणि मागे मी. सूनबाईला दिवस गेले आहेत.

परवा पुरुषमाणसं कामाला गेल्यावर मी स्टुलावर चढले आणि वरवंट्याने ती शीट फोडली. एका घावात फुटली नाही. जितके घाव लागले तितके मी घातले, तुकडे सुपलीत भरले आणि डक्टमधून आलेला फोडणीचा वास घरभर होऊ दिला. दुसऱ्या दिवशी भावोजी अंगाला पंचा गुंडाळून कुडकुडत बाहेर आले. खिडकी कुणी फोडली, गार वारा येतोय, म्हणाले. नवरा माझ्याकडे बघायला लागला. सूनबाई ओट्याशी तशीच उभी राहिली. सवयीप्रमाणे सगळे आक्कांच्या उत्तराची वाट बघत होते...

"मी फोडली," मी म्हणाले. "येऊ द्या वारा."

भावोजी पंचा आवळत आत गेले. सगळ्यांच्या मागून मी अंघोळीला गेले. आक्कांचा पिवळा मग अजून बादलीवर पालथा आहे. दार लावलं, नळ सोडला. विनवावं लागलं नाही. पहिल्या ठिणगीला निळी आच धरली. एवढंच हवं होतं त्याला.