गिरिवंशातला मंत्रज्ञ

“हाडं बापाची, चाल आपली.” महिपती हे दिवसातून दोनदा तरी म्हणायचा. कुणी त्याच्या रुंद खांद्यांचं कौतुक केलं की म्हणायचा, भात लावताना कुणी त्याला मागं टाकलं तरी म्हणायचा. मला वाटायचं, माणसाला एखादं वाक्य चिकटतं, तसं हे चिकटलंय. त्यात काही मागणं असेल असं माझ्या मनात आलं नाही.

महिपती आमच्या गावाच्या वरच्या वाडीतला. आमचं गाव पोलादपूरजवळच्या कापड्याच्या पुढं, नदीकाठच्या भातखाचरांत. त्याची वाडी तासभर चढावर, आंबेनळी घाटाकडच्या डोंगराच्या कुशीत. पाऊसभर तो वाडीत नाचणी-वरी करायचा. दिवाळीनंतर हिरकणीवाडीला बहिणीकडं, ठकूबाईकडं, जाऊन राहायचा आणि रायगडावर डोली वाहायचा. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत आणि रोपवेची भीती वाटते, अशी माणसं खांद्यावरून वर न्यायची. अकरा वर्षं त्यानं हे काम केलं. दोन्ही पोरं मुंबईला. बायको प्रयागबाई वाडीत गुरं सांभाळून असायची.

मी सातवी शिकलेला. पण गणपतीत पाच गावं मला गोष्ट सांगायला बोलावतात, आणि मी मधेच थांबलो तर माणसं चहा विसरतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढं जे झालं ते या गर्वातून झालं, म्हणून सांगतो.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझी पुतणी श्रुतिका डोंबिवलीहून आली. तिनं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस तोंडांचे फासे आणले. तो गोष्टीचाच खेळ. एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी तिच्यातलं एकेक पात्र व्हायचं आणि आपलं पात्र काय करतं ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फाशावर. प्रत्येक पात्राला एक वंश आणि एक पेशा. वंश म्हणजे अंगानं काय मिळालं, पेशा म्हणजे पुढं काय शिकलं. जूनमध्ये श्रुतिका गेली आणि पुस्तक मला देऊन गेली. “काका, हा खेळ तुझ्यासाठीच आहे,” म्हणाली.

शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते पुस्तक वहीत मराठी केलं. वंशांना नावं दिली. डोंगराच्या पोटात जन्मलेले, आडव्या हाडाचे ते गिरिवंशी. सडपातळ, तीक्ष्ण नजरेचे ते वनवंशी. आणि साधी माणसं. पेशे म्हणजे योद्धा, मंत्रज्ञ, वैदू, वाटाड्या. शेवटी एक तक्ता होता, कोणत्या वंशाला कोणता पेशा शोभतो त्याचा. तो मी लाल शाईनं उतरवला.

तक्ता म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं काय आलं, ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडं शिमग्याच्या पालखीचे मान ठरलेले आहेत. दिवटी कुणाची, ढोल कुणाचा, पहिला नारळ कुणाचा. चढावर खांदा वाडीवाल्यांचा, देवळात शिरताना खांदा आमच्या घराचा. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही आणि कुणी मोडतही नाही. तो इंग्रजी तक्ता मी पालखीच्या मानासारखा वाचला.

लावणी उरकल्यावर दर बुधवारी दुपारी माझ्या पडवीत आम्ही चौघं बसू लागलो. सहा आसनी रिक्षा चालवणारा भरत, अंगणवाडीतली सोनाली, महिपती आणि मी. पहिल्या दिवशी पात्रं ठरवायची होती. भरत वनवंशी मंत्रज्ञ झाला. सोनाली माणूस-वैदू झाली.

महिपती म्हणाला, “मी गिरिवंशी. आणि मंत्रज्ञ.”

“तसं नाय होत,” मी म्हणालो. “गिरिवंश्याला योद्धा शोभतो. मंत्रज्ञ व्हायचं तर वंश बदल, वनवंशी घे.”

“वंश कशाला बदलू भाऊ? मी डोंगरातलाच हाय. काम तेवढं दुसरं द्या.”

“अरे, गिरिवंशी म्हणून फाशावर बुद्धीचे दोन आकडे कमी पडतात तुला.”

“पडू दे की. दोन कमी घेऊनच तर उभा हाय मी!”

भरत खो खो हसला. “महिपतीदादा मंतर म्हणणार, आणि समोरचा राक्षस नाचणीची भाकर होऊन पडणार!”

“तुझ्या रिक्षापेक्षा बरं रे. ती मंतर म्हटल्यावरसुदा सुरू होत नाय.”

सोनालीनं विचारलं, “पण दादा, मंत्रज्ञच कशाला?”

तो म्हणाला, “डोलीच्या बाजूनं गाईड चालतो. अकरा वर्सं ऐकतोय. कुठलं टाकं कुणी खोदलं, कुठल्या दारानं पाणी आणलं. त्यातलं खोटं कुठलं तेबी मला कळतं. पण खांद्यावर माणूस असताना बोलायला दम राहत नाय. आणि डोलीवाल्याला विचारतंय कोण? मंत्रज्ञाला सगळे विचारतात. एकदा मला कुणी विचारावं, एवढंच.”

हे ऐकूनही मी वहीवर बोट ठेवलं. लाल शाईवर. “तक्त्यात नाय,” म्हणालो.

तो योद्धा झाला. कुरकुर केली नाही. पुढं सात-आठ बुधवार त्याच्या पात्रानं सगळ्यांची ओझी उचलली, दारं खांद्यानं फोडली, भरतच्या मंत्रज्ञाला पाठीवर घेऊन नदी ओलांडली. दर बुधवारी चढउतार करून तो वेळेवर यायचा. येताना प्रयागबाईनं दिलेली भाजकी मक्याची कणसं आणायचा.

श्रावणात एका दुपारी वहीत काही तपासायला मी मूळ पुस्तक उघडलं. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरांत तीन ओळी होत्या. मी त्या पूर्वी सोडून दिल्या होत्या. आता शब्दकोश काढून वाचल्या. हा तक्ता नवख्यांच्या सोयीसाठी आहे. कोणत्याही वंशानं कोणताही पेशा घ्यावा. न जुळणारी जोडी घेतली, तर गोष्टीला अधिक रंग चढतो.

मी दोनदा वाचलं. बाहेर ऊन-पाऊस चालला होता. मग पुस्तक बंद केलं आणि ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली ठेवलं. पुढच्या बुधवारी सोनालीनं विचारलं, “ते पुस्तक बघू जरा, माझं इंग्रजी सुधारंल.” मी म्हणालो, “श्रुतिकानं परत नेलंय.” एवढी साधी गोष्ट होती: मी चुकलो होतो, आणि तसं चौघांत म्हणायचं होतं. पाच गावांत गोष्ट सांगणाऱ्या माणसाला ते जमलं नाही.

भाद्रपदात, गणपती झाल्यावर, मी त्यांना गोष्टीत एका ओसाड गडावर नेलं. गडावर पाणी नव्हतं. तीन दिवसांची तहान. टाकं कुठं आहे ते शोधायचं होतं, आणि ते मी माझ्या नकाशावर आधीच काढून ठेवलेलं. भरतच्या मंत्रज्ञानं फासा टाकला, तीन पडले. पुन्हा टाकला, पाच. दोन्हीदा फसलं.

महिपती पुढं सरकला. त्याचे डोळे असे चमकलेले मी आधी पाहिले नव्हते. “दार कुठल्या तोंडाचं सांगितलंत? पश्चिमेचं ना? मग उतार उजवीकडं. कातळ जिथं काळा पडलाय तिथून पावसाचं पाणी वाहतंय. त्या वाटेनं खाली जायाचं, तटाच्या आत, वाऱ्याच्या आडोशाला. खोदणारा तिथंच खोदणार. दुसरीकडं खोदलं तर उन्हानं आटंल.”

टाकं तिथंच होतं. माझ्या नकाशावर, अगदी तिथंच.

“तुझ्या माणसाला हे माहीत नाय,” मी म्हणालो. “तो योद्धा हाय. मंत्रज्ञाचं काम मंत्रज्ञ करील. तू ओझं उचल आणि मुकाट बस.”

“अहो काका, बरोबर सांगतोय की तो!” भरत म्हणाला.

“खेळ मी सांगतोय.”

महिपतीनं आपला फासा उचलला, तंबाखूच्या रिकाम्या डबीत इतर फाशांबरोबर ठेवला, झाकण लावलं. “मग माझा माणूस आज तिथंच बसला म्हणा,” म्हणाला. जाताना कणसांची पिशवी मात्र माझ्या बायकोच्या हातात देऊन गेला. पुढच्या बुधवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याच्याशिवाय खेळायला बाकीचे दोघंही बसेनात.

दिवाळीला श्रुतिका आली. माझी वही तिनं कौतुकानं वाचली, आणि मग विचारलं, “काका, पुस्तक तुझ्याकडंच आहे ना? मग तक्त्याखालच्या ओळी लिहिल्या नाहीस?”

“दिसल्या नाय गो,” मी म्हणालो.

दिवाळीचा फराळ घेऊन आलेली सोनाली तिथंच बसली होती. पुस्तक श्रुतिकानं नेलं नव्हतं, हे तिला तेव्हाच कळलं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ताटलीतली चकली तशीच ठेवली.

चार दिवस मी ते पाहणं विसरू शकलो नाही. पाचव्या दिवशी पुस्तक आणि वही पिशवीत घालून पोलादपूरहून महाड आणि महाडहून रायगडची एसटी धरली. ठकूबाईचं दुकान पायऱ्यांच्या तोंडाशीच आहे, कोकम सरबत आणि झुणका-भाकरीचं. महिपती बाकावर बसला होता, खांद्यावर घडी घातलेला टॉवेल. मला पाहून उठला.

“भाऊ? तुमी इकडं? बसा. ठकू, सरबत दे गो.”

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. पुस्तक उघडून त्या तीन ओळी मी त्याला मराठीत सांगितल्या. मग म्हणालो, “हे मला आधीच कळलं होतं.”

“आधी म्हंजे?”

“श्रावणात.”

त्यानं बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. महिने मोजत होता. “आणि भाद्रपदात मला मुकाट बस म्हणालात.”

“हो. टाकंही तू सांगितलंस तिथंच होतं.”

सरबत टेबलावर आलं होतं. त्याला दोघांपैकी कुणी हात लावला नाही.

“पुस्तकात नाय म्हणून तुमी नाय म्हणता, असं मी समजलो होतो,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “पुस्तकाचा राग काय करायचा? तो मी गिळला. आता हा कसा गिळू, ते सांगा.”

मी पिशवीतून वही काढली आणि म्हणालो, “बुधवारी ये म्हणायला आलोय. या. तुम्ही गिरिवंशी मंत्रज्ञ. मी वहीत लिहून आणलंय.”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला ‘तुम्ही’ म्हणालो होतो. त्याला ते ऐकू आलं की नाही, कळलं नाही. त्यानं वही हातात घेतली, आपल्या पात्राचं पान बघितलं. लाल रेघेनं खोडलेला ‘योद्धा’, बाजूला ‘मंत्रज्ञ’. वही मिटून त्यानं माझ्या हातात परत दिली.

“अक्षर झ्याक हाय तुमचं,” म्हणाला. “पण भाऊ, तुमच्या गोष्टीत तुमी द्याल तेच मी होणार ना? आज द्याल, उद्या चिडलात की काढून घ्याल. मला नको.”

“नाय काढणार.”

“श्रावणातबी कुठं सांगितलंत?”

तेवढ्यात पायऱ्यांकडून हाक आली. कुणी म्हातारे गृहस्थ डोलीत बसून वाट बघत होते, बाजूला टोपीवाला गाईड उभा. महिपतीनं टॉवेलाची चुंबळ केली. “सरबत पिऊन जा, ऊन हाय,” म्हणाला आणि निघाला. मागचा डावा खांदा त्याचा. डोली उचलली गेली, चार माणसं पहिली पायरी चढली, दुसरी, तिसरी. गाईडनं बोलायला सुरुवात केली होती. वळणापर्यंत मी बघत राहिलो. महिपतीनं मागं पाहिलं नाही. सगळं ऐकलेली ठकूबाई डोलीकडं बघत नव्हती. ती हातातला पेला पुसत माझ्याकडं बघत होती.