बाबा कन्स्ट्रक्शनमध्ये होते

इंग्लंडमधलं बेसिंगस्टोक सोडून अर्धा तास झाला असेल, तेव्हा मुलगा गाडी चालवता चालवता म्हणाला, "आई, तिथे ऑफिसचे लोक असतील. कोणी विचारलं तर बाबा कन्स्ट्रक्शनमध्ये होते एवढंच सांग. डिटेलमध्ये जाऊ नकोस."

मी विचारलं, "कन्स्ट्रक्शनमध्ये म्हणजे?"

"म्हणजे बांधकामात. खोटं नाहीये ते."

त्याच्या बापानं आयुष्यात एक भिंत बांधली नाही. तो पाथरवट होता. आधी जाती-पाटे घडवायचा, पुढं कोनशिलांवर अक्षरं कोरायला लागला. शाळेची खोली असो की पूल, मंत्र्याचं नाव, अध्यक्षाचं नाव, इंजिनिअरचं नाव. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, म्हणून कागद बघून दगडावर गेरूनं अक्षरं मी काढायची आणि तो ती कोरायचा. अक्षरं कोरताना दगडावर पाणी मारता येत नाही, गेरू धुऊन जातो. कोरडा दगड, त्यामुळे सगळी धूळ त्याच्या छातीत गेली. पन्नाशीच्या आत गेला. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्याला बापानं हातोड्याला कधी हात लावू दिला नाही. एकदा लावला तर पाठीत काठी घातली होती.

हे सगळं मुलाला माहीत आहे. नात मागं माझ्या शेजारी बसली होती, नऊ वर्षांची. तिला मात्र आजोबा बिल्डर होते असं सांगून ठेवलेलं. मी तिच्याकडं बघितलं आणि गप्प बसले. आजही त्या गप्प बसण्याचा मला राग येतो.

आम्ही चाललो होतो ते या देशाचं एक स्मारक होतं. डोंगरात कोरलेलं आहे असं मुलानं सांगितलं होतं. मला वाटलं कडा कोरला असेल. बघते तर गवताचं टेकाड, आणि त्यावर वरचं गवत काढून खालचा पांढरा खडूचा दगड उघडा केलेला. पहिल्या महायुद्धात खाली सैन्याची छावणी होती. लढाईला जायच्या आधी त्या पोरांनी आपल्या पलटणीची खूण डोंगरावर काढून ठेवली. त्यातली पुष्कळ परत आली नाहीत. दगड म्हणाल तर नखानं ओरखडा निघेल असा. पण उतार उभा आहे, आणि मरायला जायच्या आधी तिथं कुदळ मारणं सोपं नव्हे. त्या पोरांना मी नावं ठेवणार नाही.

गवत पुन्हा वाढतं, खडू पावसानं खाली सरकतो. म्हणून दर उन्हाळ्यात नवा खडू भरतात. त्या शनिवारी मुलाच्या ऑफिसची माणसं मदतीला आली होती. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, नवे हातमोजे. पहिला अर्धा तास फोटो काढण्यातच गेला.

मला खाली घडीच्या खुर्चीवर बसवलं. शेजारी मुलाच्या ऑफिसातल्या मित्राची बायको होती, पुण्याची. तिनं थर्मासमधला चहा दिला.

"काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"सातारा जिल्हा."

"हो का? गाव कुठलं?"

मी गाव सांगितलं.

"आणि काका काय करायचे?"

मुलगा वर बादली घेऊन उभा होता. लांब होता, त्याला ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी माझ्याकडंच बघत होता.

मी म्हटलं, "कन्स्ट्रक्शनमध्ये होते."

"अच्छा, बिल्डर," ती म्हणाली आणि पुढ्यात बिस्किटं ठेवली.

मी बिस्किटाला हात लावला नाही. वीस वर्षं ज्याच्या शेजारी उकिडवं बसून मी अक्षरं काढली, त्याला मी एका कप चहावर पुसून टाकलं. राग मुलाचा होता, त्या बाईचा होता, पण सगळ्यात जास्त माझा होता. थोबाडीत मारायला माणूस हवं होतं आणि जवळ मीच होते.

वर बघितलं तर काम सगळं चुकीचं चाललेलं. वरून बादल्या ओतायच्या, फावड्यानं पसरायचं, की झालं. खालची कड कोणी धुमसून, ठोकून घट्ट बसवतच नव्हतं. माझा मुलगा ठोकायची धुम्मस हातात काठीसारखी धरून उभा होता. पहिल्या पावसात सगळं खाली येणार हे मला खुर्चीवरून दिसत होतं. मी उठले. नात धावत आली, तिचा हात धरून चढले.

मुलगा म्हणाला, "आई, तू कशाला आलीस वर? पडशील."

"बाजूला हो," मी म्हटलं आणि धुम्मस त्याच्या हातातून घेतली. मोठे तुकडे खाली, बारीक वर. आधी खालची कड, मग वर सरकायचं. चार हात कड मी बसवली. दम लागला, पण कड हलली नाही.

तिथलं काम बघणारा गोरा म्हातारा येऊन उभा राहिला. लाल मान, कानात मशीन. माझ्या हातांकडं बघत मुलाला काहीतरी विचारलं.

मुलगा मला म्हणाला, "ते म्हणतायत दमलात, खाली जाऊन बसा."

नात तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "नाही आजी. ती माणूस विचारतो, तू हे कुठे शिकला."

मुलाचा चेहरा पडला. मी नातीला म्हटलं, "सांग त्याला. मी आणि तुझा आजोबा दगडाचं काम करायचो."

"पण आजोबा बिल्डर होता ना?"

"नव्हता. पाथरवट होता."

तो शब्द तिला माहीत नव्हता. तिनं बापाकडं बघितलं. "डॅड, पाथरवट म्हणजे काय?"

एव्हाना मित्र आणि त्याची बायकोही वर आली होती. म्हातारा कानाला हात लावून उभा. मुलगा खाली बघत पुटपुटला, "स्टोनकटर." म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही. त्यानं परत विचारलं. मग मुलाला मोठ्यानं सांगावं लागलं, सगळा डोंगर ऐकेल असं.

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि पुढची कड दाखवली. मी नातीकरवी विचारलं, हे खोदणाऱ्यांची नावं कुठं आहेत. तो म्हणाला, पलटण कुठली ते माहीत आहे, कुदळ कोणी मारली ते कोणालाच माहीत नाही. मला नवल वाटलं नाही.

परत येताना गाडीत मुलगा म्हणाला, "काय मिळालं तुला हे करून? उद्या सगळ्या ग्रुपमध्ये चर्चा होईल. मूळचे कुठले, गाव कुठलं, बाप काय करायचा, तीन प्रश्नांत हे लोक माणसाला मोजतात. तुला नाही कळत ते."

"मला नाही कळत? मला आज तेच तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याला मी तुझं ऐकलं. तुझ्या बापाला नाकारलं मी, तुझी लाज राखायला. परत मला हे सांगू नकोस."

तेवढ्यात मित्राचा फोन आला. गाडीतच वाजला, सगळ्यांना ऐकू आलं.

"अरे, काकूंना विचार ना. आईनं सामानातून पाटा पाठवलाय, पार गुळगुळीत झालाय, वाटणच होत नाही. ही म्हणते, काकू टाकी लावून तो परत खरखरीत करून देतील का?"

मुलाला फोन बंद करता आला असता. आईचं वय झालंय म्हणता आलं असतं. त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. कान लाल झाले होते.

"आई, लावशील?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. थांबू दे त्याला. नातही माझ्या तोंडाकडं बघत होती.

मग म्हटलं, "लावते. पण पाटा त्याच्या घरून तू उचलून आणायचा. दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर."

त्यानं फोनवर तसंच सांगितलं. एक शब्द बदलला नाही.